संगणकीय स्नॅपशॉट आणि विसर्जनाचा प्रश्न

संगणकाच्या फाइलव्यवस्थेचा इतिहास सांगताना जतन कसे झाले याचेच वर्णन बहुधा केले जाते. जतन केलेले काढून कसे टाकले गेले, ही गोष्ट तळटीपेत जाते. वस्तुतः स्नॅपशॉटच्या कल्पनेला घडविले ते या दुसऱ्या प्रश्नाने, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९७८ साली आलेल्या व्हीएमएस प्रणालीत प्रत्येक फाइलच्या नावापुढे आवृत्तीचा क्रमांक असे. फाइल पुन्हा लिहिली की जुनी आवृत्ती तशीच राही. साचलेल्या आवृत्त्या काढण्यासाठी ‘पर्ज’ ही आज्ञा होती; ती देण्याचा भार बव्हंशी वापरणाऱ्यावरच असे. बेल प्रयोगशाळेतील ‘प्लॅन ९’ने नेमके उलट टोक गाठले. तेथे रोज पहाटे ५ वाजता संपूर्ण फाइलव्यवस्थेची स्थिती एकदाच लिहिता येणाऱ्या प्रकाशीय तबकड्यांवर नोंदली जाई. अमुक दिवसाची निर्देशिका उघडावी, की त्या दिवशीचे सारे जग समोर! कोशकाराला हेवा वाटावा अशी ही सोय; परंतु चुकून नोंदलेली गुप्त गोष्टही तेथे कायमचीच राही, कारण पुसणे शक्यच नव्हते.

‘स्नॅपशॉट’ हा शब्द शिकाऱ्याच्या घाईच्या गोळीवरून छायाचित्रणात व तेथून संगणकात आला. येथे तो काहीसा फसवा आहे. येथे कोणतेच चित्र काढले जात नाही. बदललेला ब्लॉक नव्या जागी लिहावयाचा आणि जुना पुसावयाचा नाही, एवढेच घडते. म्हणूनच तो घेणे क्षणाचे काम आणि काढणे हिशेबाचे.

हा हिशेब हिट्झ, लाउ व माल्कम यांनी वॅफल या फाइलव्यवस्थेवरील १९९४ च्या निबंधात मांडला. प्रत्येक ४ किलोबाइटच्या ब्लॉकसाठी ३२ बिटांची नोंद. त्यातील एक बिट चालू व्यवस्थेचा, बाकीच्यांतून प्रत्येक स्नॅपशॉटला एक. सर्व बिट शून्य झाल्यावाचून ब्लॉक मोकळा नाही. एका वेळी फार तर २० स्नॅपशॉट राहत. ते ठरल्या वेळी आपोआप घेतले व काढले जात. पर्जचा भार असा वेळापत्रकाकडे गेला.

सन कंपनीच्या झेडएफएसने (उगमसंहिता खुली झाली २००५ मध्ये) ही मर्यादा व्यवहारतः उठविली. बॉनविक, अहरेन्स आदींनी बिटांऐवजी प्रत्येक ब्लॉकचा जन्मकाल नोंदविला. मागील स्नॅपशॉटनंतर जन्मलेले आणि पुढील स्नॅपशॉटात नसलेले ब्लॉक तेवढे काढल्या जाणाऱ्या स्नॅपशॉटचे स्वतःचे. तेच मोकळे होतात. यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. डिस्क भरली म्हणून मोठी फाइल काढावी, तर जागा सुटत नाही. ती फाइल लागोपाठच्या दोन स्नॅपशॉटांत असेल तर दोहोंपैकी कोणाच्याही खात्यावर ती दिसत नाही, आणि दोन्ही गेल्याखेरीज जागा परतत नाही.

मर्यादा गेल्यावर निवडीची गरज वाढली. २००७ च्या टाइम मशीनने (यंत्रणा निराळी, परंतु प्रश्न तोच) मागील २४ तासांच्या ताशी, महिन्याच्या दैनिक आणि त्यापूर्वीच्या साप्ताहिक प्रती राखण्याचा क्रम रूढ केला. बीटीआरएफएससाठीच्या स्नॅपरनेही विरळणीचे असेच नियम स्वीकारले. यात वय हाच निकष आहे, आशय नव्हे. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास हे खटकल्यावाचून राहणार नाही. या यंत्रणांच्या कर्त्यांनाही अपवादाची गरज पटलेली दिसते: झेडएफएसमध्ये पुढे आलेली ‘होल्ड’ ही आज्ञा एखाद्या स्नॅपशॉटवर लावली, की तो सोडविला जाईपर्यंत कोणत्याही वेळापत्रकाला त्यास नष्ट करता येत नाही.