भोजनालयांतील उपद्रवी जीवांचे नियंत्रण, नागपूर

खानावळी, भोजनालये व उपाहारगृहे यांच्या स्वयंपाकघरांत अन्नाची नासाडी करणारे व रोगजंतू पसरविणारे उंदीर, झुरळे, माश्या, मुंग्या व धान्यकिडी यांना आवर घालण्याचे उपाय. नागपुरात कडक उन्हाळ्यामागोमाग दमट पावसाळा येत असल्याने माश्या व झुरळे यांची वाढ झपाट्याने होते.

शिंकाळे, जाळीचे कपाट, कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, धान्यात कडुनिंबाचा पाला हे उपाय मूळचे घरगुती होत. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरगुती पाकपद्धतीतून पुढे सावजी भोजनालये निघाली. पण घरापुरते पुरणारे हे उपाय व्यवसायाच्या साठ्याला अपुरे पडतात.

उंदरांकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहण्यास प्लेगने भाग पाडले. मुंबईत १८९६ मध्ये उद्भवलेली ही साथ पुढे मध्य प्रांतातही पसरली. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे प्रयोगाने दाखविले. तथापि ते सर्वमान्य होण्यास काही वर्षे जावी लागली. झिंक फॉस्फाइडसारखे जलद विष खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाकडे पुन्हा फिरकत नाही. वॉरफरिनसारख्या रक्तसाकळरोधी विषांचा परिणाम काही दिवसांनी होत असल्याने उंदराला आमिषाचा संशय येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने कीटकांचा प्रश्न सुटल्यासारखे वाटले. तो भ्रम होता. स्वयंपाकघरातील लहान, तपकिरी जर्मन झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांचे कवच पिले बाहेर पडेपर्यंत अंगाशी वागवते व फटीत दडते. फवारा तेथवर क्वचितच पोहोचतो. या झुरळांमध्ये क्लोर्डेनला प्रतिकारशक्ती आल्याचे अमेरिकेत १९५२ मध्येच आढळले. (नाव जर्मन असले, तरी ही जाती सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमार परिसरात उद्भवली असावी, असे २०२४ मधील जनुकीय अभ्यास सांगतो.) म्हणून फवाऱ्याऐवजी फटींत ठेवावयाचे जेलरूप आमिष अधिक उपयुक्त ठरले.

कीटकनाशक अन्नात मिसळण्याचा धोका कीटकांहून भयंकर असू शकतो. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाण्यात आल्याने शंभरावर माणसे दगावली. या दुर्घटनेच्या चौकशीतूनच पुढे कीटकनाशक अधिनियम, १९६८ आकारास आला. भोजनालयांसाठी मात्र निर्णायक ठरला तो अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६. त्याखालील विनियम ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आले. त्यांनुसार परवानाधारकाने उपद्रवी जीवांचा बंदोबस्त करणे आवश्यक असून महाराष्ट्रात त्याची तपासणी अन्न व औषध प्रशासन करते. पूर्वीच्या अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियमाचा (१९५४) रोख मुख्यतः भेसळीवर होता.

व्यवहारात औषधापेक्षा बांधकामाला अधिक महत्त्व आहे. मोरीला जाळी, दाराखालची फट बुजविणे, गळके नळ दुरुस्त करणे, पोती भिंतीपासून दूर व फळ्यांवर रचणे आणि खरकटे रात्रीच बाहेर काढणे ही कामे आधी व्हावी लागतात. ती न करता केवळ दरमहा फवारणी करून घेणाऱ्या स्वयंपाकघरात शेजारच्या गटारातून झुरळे पुन्हा येत राहतात.