अपक्वाहार-चिकित्सा

न शिजविलेल्या अथवा अत्यल्प प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या योगे दीर्घकालीन व्याधी आटोक्यात ठेवण्याची उपचारपद्धती. कच्च्या भाज्या, फळे व त्यांचे रस, मोड आणलेली धान्ये आणि भिजविलेली कवचफळे यांचा तीत समावेश होतो. उष्णतेमुळे अन्नातील ‘जीवनशक्ती’ नष्ट होते, ही या पद्धतीची मूळ कल्पना होय. ही पद्धती निसर्गोपचाराची एक शाखा मानली जाते.

यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लूई कूने व आडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांनी या विचाराला चालना दिली. झुरिच येथील माक्सिमीलिआन बिर्खर-बेनर (१८६७–१९३९) या वैद्याने कच्च्या फळांवर आधारित आहार आपल्या रुग्णालयात रूढ केला. कूने व युस्ट यांच्या ग्रंथांचा महात्मा गांधींवर दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्यात प्रभाव पडला. १८९३ मध्ये प्रिटोरिया येथे त्यांनी अपक्वाहाराचा पहिला प्रयोग केला. परंतु अशक्तपणामुळे तो थोड्याच दिवसांत सोडावा लागला. मे १९२९ मध्ये त्यांनी तो पुन्हा आरंभिला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू व मध असा त्यांचा आहार होता. साबरमती आश्रमातील काही सहकारीही प्रयोगात सहभागी झाले. ऑगस्टमध्ये आमांशाचा विकार जडल्याने गांधीजी शेळीच्या दुधाकडे वळले. प्रयोगाची प्रगती व त्याचे अपयश या दोहोंची हकीकत त्यांनी यंग इंडियातून प्रसिद्ध केली, हे विशेष होय. पुढे आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत १९४२ मध्ये लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात त्यांनी दैनंदिन आहारात कच्च्या भाजीला केवळ एक औंस स्थान दिले. दूध मात्र दोन पौंड सांगितले.

महाराष्ट्रात या चळवळीचे पहिले महत्त्वाचे केंद्र पुण्यातील दिनशा मेहता यांचे निसर्गोपचारगृह हे होय. १९४५ मध्ये गांधीजी त्याच्या विश्वस्तमंडळात सामील झाले. तथापि शहरातील संस्था गरीब खेडुतांच्या उपयोगी पडणार नाही, या जाणिवेने त्यांनी पुण्याजवळील उरुळी कांचन हे गाव निवडले. मार्च १९४६ मध्ये आठवडाभर तेथे राहून त्यांनी रुग्ण तपासले. कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, सूर्यप्रकाश, फळांचा रस व ताक यांवर त्यांचा भर होता. आश्रमाची धुरा मणिभाई देसाई (१९२०–९३) यांनी वाहिली. विनोबांचे बंधू बाळकोबा भावे हेही तेथे कार्यरत होते.

ज्या गावात फळे, भाज्या व दूध यांचीच वानवा, तेथे आहारचिकित्सा अर्थहीन ठरते. त्यामुळे आश्रमाच्या कार्याला शेती, पाणी, शिक्षण व गोपालन यांची जोड मिळाली आणि त्यातूनच १९६७ मध्ये ‘भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ (बाएफ) ही संस्था उभी राहिली. मणिभाईंना १९८२ मध्ये रॅमन मॅगसायसाय पुरस्कार लाभला. मेहता यांच्या पुण्यातील वास्तूत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था कार्य करू लागली.

अप्रक्रियित आहाराचा दुसरा प्रवाह वर्ध्याचा. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल व गूळ यांचा पुरस्कार केला. या भूमिकेला शास्त्रीय आधार होता. तांदूळ पांढराशुभ्र सडल्याने कोंड्याबरोबर ब१ जीवनसत्त्व निघून जाते व त्याच्या अभावी बेरीबेरी हा रोग होतो. हा आहारसंबंध जावामध्ये क्रिस्टिआन आइकमान यांच्या संशोधनातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आला होता.

प्रक्रिया मात्र सर्वत्र अपायकारक नसते. करडीसारखी गावे ज्या भातपट्ट्यात मोडतात, त्या भंडारा जिल्ह्यात भाताच्या बांध्यांत लाखोळीचे पीक घेतात. तिच्या डाळीत मज्जातंतूंना घातक असे द्रव्य असते. दुष्काळात दीर्घकाळ मुख्यतः तिच्यावरच गुजराण केल्यास कलायखंज होऊन पाय कायमचे लुळे पडतात. डाळ गरम पाण्यात भिजवून व उकळून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा मोठा अंश निघून जातो. १९६१ मध्ये केंद्रीय नियमांन्वये या डाळीच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. कच्च्या दुधातून क्षय व ब्रुसेलोसिस यांचा प्रसार होतो आणि तापविल्याने तो टळतो. टोमॅटो व गाजर यांतील रंगद्रव्ये तर शिजविल्यावर अधिक शोषली जातात.

मूल्यमापन : भाज्या, फळे व तंतुमय पदार्थ यांनी समृद्ध आहार रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांत हितकारक असतो, हे आधुनिक संशोधनाने मान्य केले आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात वीस व्यक्तींनी अतिप्रक्रियित आहारावर असताना दररोज सु. ५०० कॅलरी अधिक घेतल्याचे आढळले. तथापि हा लाभ अन्न कच्चे असण्यामुळेच होतो, असे सिद्ध झालेले नाही. जर्मनीत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दीर्घकाळ अपक्वाहार घेणाऱ्या ४५ वर्षांखालील सु. ३० टक्के स्त्रियांत मासिक पाळी अनियमित वा बंद झालेली दिसली. केवळ वनस्पतिज अपक्वाहारात ब१२ जीवनसत्त्वाची उणीवही संभवते.

काही रुग्णांना धोका अधिक असतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांच्या रक्तातील पोटॅशियम फळे व भाज्या यांच्या रसांमुळे घातक पातळीस जाऊ शकते. त्यांना भाज्या उकडून पाणी टाकून देण्याचा सल्ला दिला जातो. इन्शुलिनावर अवलंबून असलेल्या मधुमेहीने आहाराच्या भरवशावर इन्शुलिन थांबविल्यास प्राणावर बेतते. म्हणून हा आहार औषधोपचारास पूरक म्हणून, वैद्यकीय देखरेखीखालीच अवलंबणे इष्ट ठरते.