आधी ‘यंग इंडिया’

यंदा कॅसेट घेणं मी बंद केलं आणि लाखेच्या तबकड्यांकडे वळलो. लोक काळाबरोबर पुढे जातात, माझी खरेदी उलटी निघाली.

गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचं गाणं आधी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर आलं, पुढे एलपीवर, मग कॅसेटवर, शेवटी सीडीवर. माझ्याकडे चारही आहेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. तेवढ्यात राग उभा करायचा, तोही पसरू न देता. हा आवाज प्रत्येक नव्या साधनावर चढला, कारण त्याला गिऱ्हाईक होतं आणि मागे कंपनी होती.

सगळ्यांचं तसं झालं नाही. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका भंगाराच्या दुकानात रद्दीखाली ‘यंग इंडिया’ची तबकडी सापडली. कड टवका उडालेली, लेबलावर शाईनं कुणाचंसं आडनाव, आणि पोलादी पिनांनी घासून खाचा करड्या पडलेल्या. दुकानदार म्हणाला, “घेऊन जा जी, याले आता कोन वाजवते?” ‘यंग इंडिया’ ही मुंबईची देशी कंपनी १९३५ ते १९५५ चालली. भारतात एलपी रुळायच्या आतच ती बंद पडली. एचएमव्हीनं आपला जुना माल पुन्हा पुन्हा काढला. ‘यंग इंडिया’चा माल पुन्हा काढायला कंपनीच उरली नव्हती. म्हणून तिचं बरंचसं गाणं आजही फक्त लाखेतच आहे, आणि लाख हातातून निसटली की तुकडे.

१९९० साली मुंबईत रेकॉर्ड संग्राहकांची संस्था उभी राहिली. अशा लोकांनी घराघरांतून तबकड्या जमवल्या, याद्या केल्या, म्हणून एवढं तरी कळतं. हे काम विद्यापीठांनी आधीच करायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

अकोल्याचं ऊन ही वेगळीच काळजी. पारा पंचेचाळीसपुढे गेला की माळ्यावर आडव्या रचलेल्या एलपी वाकतात, मग सुई डुलत चालते. म्हणून सगळ्या तबकड्या खालच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत आणल्या, उभ्या लावल्या. ७८ ची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी नुसती घरंगळते, खरखर तेवढी वाढते. रुंद सुई मागवली. आता एकेक बाजू संगणकावर उतरवतो आहे. सुरुवात ‘यंग इंडिया’पासून केली, खाँसाहेब कुठेही मिळतील.