माळ्यावरचा पांगुळगाडा

आपल्या मंडळात वाडे, शिलालेख, रेल्वे वर्कशॉप यांवर बरंच वाचून झालं आहे. आजचा विषय त्या मानाने फार लहान आहे. लाकडाची तीन चाकं, दोन उभे दांडे आणि वर एक आडवी मूठ, एवढाच.

मागच्या दिवाळीत जुन्या हुबळीतल्या आमच्या घराचा माळा रिकामा केला, तेव्हा दोन वस्तू हाती लागल्या. पहिली कलघटगीचा पाळणा. कारवार रस्त्याने हुबळीपासून साधारण 30 किलोमीटरवरचं हे गाव सागवानी, रंगीत 'तोट्टिलु'साठी कर्नाटकभर प्रसिद्ध आहे. अभिनेते अंबरीश यांनी निधनापूर्वी यशच्या बाळासाठी असाच पाळणा बनवायला सांगितला होता, ती बातमी पुष्कळांनी वाचली असेल. आमच्या पाळण्यावरचा रंग अजून टिकून आहे. त्याच्यावर कोणीही लेख लिहील.

दुसरी वस्तू पांगुळगाडा. तो कुठल्या नामवंत कारागिराचा नाही, गल्लीतल्या सुताराने केलेला. रंग नाही, नक्षी नाही, पुढचं चाक फुटलेलं. मी तो खाली उतरवत असतानाच बंगळूरहून लेकीचा फोन आला. नात तेरा महिन्यांची झाली होती आणि रांगत नव्हती. बसल्या जागेवरून ढुंगणावर घसरत पुढे यायची. मोबाइलमधल्या ॲपने लाल खूण दाखवली होती. विहीणबाई म्हणत होत्या, "होईल हो, आमचा बाबू दीड वर्षाने चालला." लेकीला मात्र झोप नव्हती. तिने विचारलं, "बाबा, तो आपला जुना पांगुळगाडा आहे का हो?"

मी व्यवसायाने इंजिनियर, त्यामुळे आधी बघितलं ते यंत्र. तीन चाकंच का? चार पायांचं स्टूल उंचसखल जमिनीवर डुगडुगतं, तीन पायांचं कधीच डुगडुगत नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा ओबडधोबड फरशीवर तीन चाकं नेहमी टेकलेली राहतात. अडचण एकच. गाडा हलका असला तर मूल मुठीवर भार देतं आणि गाडा त्याच्या हातून पुढे पळतो. माझी आजी त्यावर उपाय म्हणून खालच्या पट्टीवर वरवंटा बांधायची आणि पुढच्या चाकाला ओलं फडकं गुंडाळायची. वजन आणि ब्रेक, दोन्ही आलं. शाळेत न गेलेल्या बाईचं हे काम आहे, बरं का.

मग शोध घेताना सापडलं, की हे यंत्र ग्रंथातही आहे. 'काश्यपसंहिता' हा लहान मुलांच्या वैद्यकावरचा आयुर्वेदाचा ग्रंथ. त्याची खंडित पोथी नेपाळात मिळाली आणि राजगुरू हेमराज शर्मा यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ती 1938 साली प्रसिद्ध केली. ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांचं एकमत नाही, त्या वादात मी पडत नाही. पण त्यात 'फक्क' नावाच्या विकाराचा एक स्वतंत्र भाग आहे. वर्षाचं होऊनही जे मूल पायांनी चालत नाही, ते फक्क. आणि उपचारांत औषधी तुपं, तेलं यांच्याबरोबर सांगितलाय 'फक्करथ'. कारागिराकडून करून घेतलेला, तीन चाकांचा, ज्याला धरून मुलाने हळूहळू चालण्याचा सराव करायचा! वाचून मी खुर्चीतून उठलोच. माळ्यावरच्या त्या फुटक्या चाकाला एवढी वंशावळ असेल असं कोणाला वाटणार?

पण इथे थांबून 'आपल्याकडे सगळं होतंच' म्हणणं मला पटत नाही. त्या भागातला जास्त मोलाचा मुद्दा रथाचा नाही, कारणांचा आहे. काश्यपसंहिता फक्काचे तीन प्रकार करते. एक, दूषित दुधामुळे झालेला. दुसरा, आई पुन्हा गरोदर राहिल्याने अंगावरचं दूध तुटून मूल खंगल्यामुळे झालेला. तिसरा, ताप वगैरे दुखण्यांमुळे झालेला. यात मुलाचं पोट मोठं, नितंब आणि मांड्या सुकलेल्या, आणि ते हातागुडघ्यांवरच सरकतं असं वर्णन येतं. म्हणजे मूल चालत नाही याचा अर्थ ते आळशी किंवा हट्टी असा लावलेला नाही. त्याला काय मिळालं नाही, त्याचं काय दुखलं, हे आधी बघायला सांगितलं आहे. रथ त्यानंतर.

आमच्या घरात नेमकं उलट झालं होतं.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, 1966 सालची. माजघर अंधारं, एकच झरोका. पहिली नात म्हणून दृष्ट लागेल या भीतीने तिला बाहेर काढत नसत. वीस महिने झाले तरी ती चालेना. आजीने पांगुळगाडा करून घेतला तो तेव्हा. रोज सकाळ-संध्याकाळ तिला मुठीला उभं करायचे आणि ती रडून खाली बसायची. बायका म्हणत, पोर आळशी आहे. आईला बोलणी बसत ती वेगळीच. शेवटी एका डॉक्टरांनी पाय आणि मनगटं चाचपून सांगितलं, मुडदूस आहे. औषध दिलं आणि रोज उन्हात बसवायला सांगितलं. काही महिन्यांनी ती चालली. आज साठीला आलेल्या अक्काचे पाय गुडघ्यांशी किंचित बाहेर वाकलेले आहेत. हाडं दुखत असताना त्या मुलीला आपण रोज गाड्याला उभं करत होतो, हे आई शेवटपर्यंत विसरली नाही.

वाईट याचं वाटतं, की ही गोष्ट तोवर छापून येऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली होती, आणि तीही आपल्याच मुंबई इलाख्यातून. 1890 मध्ये जपानात राहून आलेले मिशनरी डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनी देशोदेशींची माहिती जमवून मांडलं होतं, की जिथे ऊन भरपूर तिथे मुडदूस कमी. मग हिंदुस्थानात तो दिसायलाच नको. पण 1922 साली हचिन्सन आणि शाह या डॉक्टरांनी नाशिककडची पाहणी प्रसिद्ध केली. पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांत मुडदूस होता. हलकं अन्न खाणाऱ्या पण उघड्यावर वाढणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो नव्हता. आमचं माजघर म्हणजे त्या पाहणीतलंच एक घर.

त्या काळी न चालणाऱ्या मुलाकडे बघताना आणखी एक भीती असायची, पोलिओची. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. आजच्या आयांना त्या भीतीचा वाराही लागलेला नाही, हे चांगलंच झालं. पण 'पांगळा' हा शब्द जुन्या बायका इतक्या घाबरून का उच्चारत हे त्याशिवाय कळत नाही.

शब्दावरून आठवलं. आदिपर्वातली विनतेची कथा आपल्याला माहीत असते. सवत कद्रूची अंडी फुटून मुलं बाहेर आली, आपली दोन तशीच, म्हणून विनतेने उतावळेपणाने एक फोडलं. आत अरुण होता, कमरेखाली अपुरा. त्याने आईला शाप दिला आणि दुसरं अंडं तरी वेळेआधी फोडू नकोस असं बजावलं. त्या दुसऱ्यातून गरुड आला. अरुण पुढे सूर्याचा सारथी झाला. शेजारणीच्या मुलाशी तुलना करण्याचा रोग किती जुना आहे बघा.

आता 'वेळेवर' म्हणजे कधी? काश्यपाची रेघ एक वर्षाची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी अमेरिकन नॅन्सी बेली यांच्या कसोट्या आपल्याकडच्या बाळांवर वापरून 1 ते 30 महिन्यांपर्यंतच्या वाढीची भारतीय मोजमापं बसवली. तो ग्रंथ 1970 चा. त्याआधी परदेशी बाळांची फूटपट्टी आपल्या बाळांना लागत होती. 2006 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांवरून मर्यादा दिल्या. हातागुडघ्यांवर रांगणं 5.2 ते 13.5 महिने, आधाराशिवाय चालणं 8.2 ते 17.6 महिने. केवढा पट्टा आहे हा! शिवाय 4.3 टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या सरकारी यादीतून तर 2022 साली रांगणं काढूनच टाकलं.

हे आकडे मी लेकीला वाचून दाखवले आणि लगेच दुसरंही सांगितलं. पट्टा मोठा आहे म्हणून स्वस्थ बसायचं नाही. अठरा महिन्यांनी चालत नसेल, एकच बाजू वापरत असेल, अंग फार सैल किंवा ताठ वाटत असेल, आलेलं जात असेल, तर 'आमचा बाबू' ऐकत न बसता डॉक्टरांकडे जायचं. आणि काळजी वाटत असेल तर अठरा महिन्यांची वाट तरी कशाला बघायची? ती गेली. डॉक्टरांनी मुलीला उभं केलं, पालथं घातलं, कंबर तपासली, ड जीवनसत्त्वाचे थेंब विचारले. ते मध्यंतरी बंद पडले होते, ते पुन्हा सुरू केले. बाकी ठीक आहे, दोन महिन्यांनी दाखवा म्हणाले. दहाव्या मजल्यावरच्या काचबंद बाल्कनीत रोज ऊन देतोय, असं जावयांनी अभिमानाने सांगितलं, तेव्हा मीच मध्ये बोललो, की काचेतून ऊब येते, हाडांना लागणारे किरण येत नाहीत.

दुकानातला बसायच्या झोळीचा वॉकर आणायचा बेतही मोडला. त्यात मूल लोंबकळतं आणि चवड्यांनी ढकलत सुसाट जातं. त्याने चालणं लवकर येत नाही, जिन्यावरून पडण्याचे अपघात मात्र होतात. कॅनडाने त्याच्या विक्रीवर 2004 मध्ये बंदी घातली. पांगुळगाड्यात मुलाचं वजन स्वतःच्या पायांवर असतं, हवं तेव्हा सोडून खाली बसता येतं. पण शेजारी मोठं माणूस हवंच.

फुटलेलं चाक मी सागाच्या तुकड्यातून कातून घेतलं, आस जुनाच ठेवला. संक्रांतीला नात आली. पंधरा महिन्यांची, पलंगाला धरून उभी राहायला लागलेली. गाडा पुढ्यात ठेवला. तिने मूठ धरली नाही, तो आडवा पाडला, शेजारी बसकण मारली आणि नवं चाक फिरवत राहिली. अक्का समोर उन्हात खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "तिला उभी करू नका रे, बसू दे." कोणी उभी केली नाही.