उद्यानाने पाडलेलं उद्यानाचं घर

टास्मानियातल्या क्रेडल पर्वताच्या पायथ्याशी लोक ज्या वाल्डहाइम नावाच्या लाकडी घराचे फोटो काढतात, ते उभारलं 1976 साली. मूळ घर जीर्ण झालं म्हणून उद्यान खात्यानेच पाडलं होतं. लोकांनी ओरड केली तेव्हा जुन्या पद्धतीने ते पुन्हा बांधलं. गंमत अशी, की इथलं राष्ट्रीय उद्यान जन्मलं या घराच्याच पोटी.

गुस्ताव वाइनडॉर्फर मूळचा ऑस्ट्रियाचा, 1900 साली मेलबर्नला आलेला. वनस्पतींच्या वेडापायी तिथल्या निसर्गप्रेमींच्या मंडळात त्याची टास्मानियाच्या केट काउलशी ओळख झाली. 1906 मध्ये दोघांनी लग्न केलं आणि मधुचंद्राला गेले ते माउंट रोलंडवर, तंबू ठोकून झाडपाला गोळा करायला! जानेवारी 1910 मध्ये क्रेडलच्या माथ्यावर उभं राहून गुस्तावने ठरवलं, हा मुलूख सगळ्यांसाठी राखायचा. केटने क्रेडलच्या पायथ्याच्या दरीत 200 एकर जमीन घेतली. वाल्डहाइमच्या कथेत तिचं नाव नेहमी दुसरं येतं, पण गुस्ताव त्या दरीत घर बांधत होता तेव्हा डोंगराखालच्या मुलखातली दोघांची शेती तीच सांभाळत होती.

घर 1912 चं, किंग बिली पाइनचं. हे झाड वाढतं फार सावकाश, हजार वर्षंही जगतं, पण लाकूड हलकं, सरळ रेघेचं आणि न कुजणारं. ओंडक्याचे आखूड ठोकळे करायचे, त्यावर पातं टेकवून मोगरीचा ठोका घालायचा, की छपराची फळी करवतीशिवाय सुटून येते. जंगल वाचवणारं घर जंगल तोडूनच उभं राहिलं, हेही सांगायला हवं. घर पाहुण्यांना उतरायलाही होतं, पण चांगला रस्ता बराच अलीकडे संपायचा. पुढे पाहुणे पायी किंवा घोड्यावर. पोचल्यावर गुस्तावच्या हातचं वॉम्बॅटचं कालवण, त्यात सढळ हाताने लसूण.

पहिल्या महायुद्धात गुस्ताववर जर्मन हेर असल्याचा संशय घेतला गेला. 1916 मध्ये केट गेली. तो मग वाल्डहाइमलाच राहायला गेला, हिवाळ्यातसुद्धा. व्याख्यानं देत, पडद्यावर डोंगराची चित्रं दाखवत त्याने लोकमत वळवलं. 1922 मध्ये क्रेडलपासून सेंट क्लेअर सरोवरापर्यंत 1,58,000 एकर राखीव झाले. 1932 मध्ये तो तिथेच, आपल्या मोटरसायकलजवळ, मरून पडलेला सापडला.

आजच्या वाल्डहाइममध्ये मुक्काम करता येत नाही, आत जाऊन फक्त पाहता येतं. राहायचं असेल तर शेजारी उद्यान खात्याच्या केबिन भाड्याने मिळतात.