‘कीचकवध’ आणि नाट्यप्रयोगांचा कायदा

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकांत इंग्रजांचें नांव कोठेंहि नाहीं. विराटाचें घर, सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर पापदृष्टि ठेवणारा कीचक आणि त्याचा निकाल लावणारा भीम, एवढेंच त्यांतील कथानक. आणि तें आपल्या घरोघरच्या आजीबाईंनाहि पाठ. १९०७ सालीं महाराष्ट्र नाटक मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणलें आणि १९१० च्या जानेवारींत मुंबई सरकारनें त्याचे प्रयोग बंद केले. महाभारतांतील एका खलपुरुषाचा वध सरकारला कां झोंबावा, हें त्या वेळच्या प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक होतें. तें कायद्याच्या भाषेंत कसें मांडावयाचें, ही गोष्ट मात्र मोठी नाजूक होती. आणि ती मांडण्याची गरजच पडूं नये अशी तजवीज चौतीस वर्षांपूर्वीं होऊन चुकली होती.

ही तजवीज मूळची महाराष्ट्राकरितां नव्हे. तिचा जन्म कलकत्त्यास झाला, आणि तोहि एका फार्सामुळें. १८७५ च्या अखेरीस प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानांत आले. कलकत्त्याच्या मुक्कामांत तेथील वकील जगदानंद मुकर्जी यांनीं त्यांना आपल्या घरीं नेऊन अंतःपुरांतील स्त्रियांकडून त्यांचें स्वागत करविलें, आणि बंगाली समाज संतापला. ग्रेट नॅशनल थिएटरनें १८७६ च्या फेब्रुवारींत ‘गजदानंद व युवराज’ हा फार्स करून त्या संतापाला हास्याची वाट करून दिली. पोलिसांनीं हरकत घेतांच नांव बदलून खेळ पुन्हां झाला. पुढें तर पोलीस कमिशनर हॉग व सुपरिंटेंडेंट लॅम या साहेबांच्या आडनांवांवर कोटी करून डुक्कर आणि मेंढी यांच्या नांवाचें एक प्रहसनच निघालें! २९ फेब्रुवारीस लॉर्ड नॉर्थब्रुक यांनीं वटहुकूम काढला. लगेच त्याच थिएटरच्या मंडळींना ‘सुरेंद्र-विनोदिनी’ या दुसऱ्याच नाटकांतील अश्लीलतेच्या आरोपावरून पकडण्यांत आलें. खालच्या कोर्टानें उपेंद्रनाथ दास व अमृतलाल बसु यांना एक महिन्याची कैद सांगितली, आणि हायकोर्टानें ती रद्द करून त्यांना सोडून दिलें. कोर्टाच्या पायरीवर गेलें म्हणजे असें होतें, हा धडा सरकारनें त्यावरून घेतला असावा. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वटहुकुमाच्या जागीं १८७६ चा १९ वा कायदा आला.

या कायद्याचीं कलमें मुळांतून वाचण्यासारखीं आहेत. एखादें नाटक बदनामीकारक आहे, किंवा सरकाराविषयीं अप्रीति उत्पन्न करण्याचा त्याचा संभव आहे, किंवा पाहणारांची नीति त्यानें बिघडेल, असें सरकारचें मत झालें कीं पुरे; प्रयोग बंद. तें मत कोणापुढें सिद्ध करावें लागत नसे, आणि त्यावर अपिलाची सोयहि नव्हती. मनाई मोडून नाटक करणारा, त्याला साह्य करणारा किंवा जागा देणारा अपराधी ठरावा, हें एक वेळ समजतां येईल. परंतु मनाई ठाऊक असून नाटक पाहावयास बसलेला प्रेक्षकहि तीन महिन्यांच्या कैदेस अथवा दंडास पात्र होता. ज्याची नीति व राजनिष्ठा सांभाळण्याकरितां हा सारा खटाटोप, त्यालाच तुरुंगाची भीति! शेवटचें कलम याहून मौजेचें आहे. जत्रा आणि धार्मिक उत्सवांतील तत्सम खेळ यांना हा कायदा लागू नाहीं. म्हणजे भीमानें देवळापुढील उत्सवांत कीचक मारला तर तो धर्म, आणि तिकीट लावून थिएटरांत मारला तर अप्रीति.

याच्या शेजारीं १९०८ चा टिळकांचा खटला ठेवून पाहावा. तो ‘केसरी’तील लेखांवरून झाला. त्या लेखांचीं भाषांतरें कोर्टांत वाचलीं गेलीं, शब्दाशब्दावर वाद झाला, टिळकांनीं स्वतः दिवसचे दिवस भाषण केलें, आणि ज्यूरींतील नवांपैकीं दोघांनीं त्यांना निर्दोषी म्हटलें. शिक्षा झाली ती सहा वर्षांची. न्याय मिळाला असें कोणी म्हणणार नाहीं. पण निदान बोलावयास मिळालें. ‘कीचकवधा’ला तेंहि मिळालें नाहीं.

खाडिलकर एक निरुपद्रवी पौराणिक नाटक लिहीत होते, अशी वकिली येथें करावयाची नाहीं. टिळकांच्या ‘केसरी’त ज्यानें लेखणी चालविली, त्याच्या नाटकाला निरुपद्रवी म्हणणें हा त्याचा अपमान होईल. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमि, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, हा अन्वय लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीं १९१० च्या आपल्या ग्रंथांत छापून टाकला, आणि कर्झन यांचें नांव नाटकांत उच्चारलें जात नाहीं, हेंहि तेथेंच नमूद केलें. अन्वय बिनचूक होता. परंतु खटला झाला असता तर सरकारी वकिलास ज्यूरीपुढें उभें राहून, अबलेची विटंबना करणारा हा राक्षसी सेनापति आमच्या व्हाइसरॉयचें चित्र आहे आणि तें सर्वांना ओळखूं येतें, असें शाबीत करावें लागलें असतें. बचावाच्या वकिलानें फक्त एवढेंच विचारावयाचें, कीं साम्य आपणांस कोठें दिसलें? १८७६ च्या कायद्यानें सरकारची या प्रश्नांतून सुटका केली. सरकारला साम्य दिसलें होतें. तें कोठें, हें सांगण्याचें बंधन नव्हतें.

बंदीची वेळहि लक्षांत घेण्यासारखी आहे. दोन वर्षांहून अधिक काळ नाटक चाललें होतें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनीं विजयानंद थिएटरांत खून केला, आणि पुढच्याच महिन्यांत ‘कीचकवध’ थांबलें. नाशिकला त्या रात्रीं चाललें होतें तें देवलांचें ‘शारदा’, म्हाताऱ्याशीं लावल्या जाणाऱ्या मुलीच्या दुःखाचें नाटक. खाडिलकर पुढें संगीत नाटकाकडे वळले. १९११ सालीं त्यांचें ‘मानापमान’ आलें. तें बंदीमुळेंच आलें असें म्हणवत नाहीं, तरी क्रम डोळ्यांआड करतां येत नाहीं.

स्वराज्य आलें, पण कायदा राहिला. १९५३ सालीं लखनौस इप्टाच्या मंडळींनीं प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेवरून केलेला प्रयोग त्याच्या तडाख्यांत सांपडला, आणि १९५६ सालीं अलाहाबाद हायकोर्टानें हा कायदा राज्यघटनेशीं विसंगत ठरविला. महाराष्ट्रांत नाटकांची संहिता तपासण्याचें काम निराळ्या मंडळाकडे होतें. १९७२ सालीं तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वरून त्या मंडळाशीं झगडा झाला, तेव्हां कमलाकर सारंग यांनीं मुंबई हायकोर्टांत दाद मागितली व ती मिळविली. नाटकवाल्याचें म्हणणें न्यायाधीशानें ऐकून घ्यावें, एवढें साधें काम व्हावयास इतकीं वर्षें लागलीं. १८७६ चा कायदा स्वतः पुस्तकांतून गेला तो २०१८ च्या जानेवारींत, निरुपयोगी झालेल्या शंभरांहून अधिक कायद्यांच्या एका लांबलचक यादींत.