कोतवाल बुकाची कुळकथा

आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर, कुठल्याही तहसील कार्यालयाच्या नक्कल शाखेत जून-जुलैत डोकावून पाहा. बारावीचा निकाल लागलेला असतो, प्रवेशाची शेवटची तारीख डोक्यावर असते आणि बाप-लेक एकच विचारत असतात, "पणजोबाची कोतवाल नक्कल निघाली का?" जात पडताळणीला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. शाळेचा दाखल-खारीज उतारा मिळाला तर ठीक. पणजोबाने शाळेचे तोंडच पाहिले नसेल, तर कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी वही. वर्धा जिल्ह्यात पूर्वजांचा शोध घ्यायला माणसे लागली ती हौसेने कमी आणि या तारखांच्या धाकाने जास्त. अर्जासोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, म्हणून घरातल्या म्हाताऱ्याला पहिल्यांदाच कोणी विचारते, "आबाजी, तुमच्या आज्याचं नाव काय होतं?"

हे बुक काही वंशावळीसाठी जन्मले नाही. त्याचे मूळ गोऱ्या सोल्जरांच्या मरणात आहे. हिंदुस्थानातील ब्रिटिश फौज लढाईपेक्षा पटकी, हगवण आणि तापानेच जास्त मरते, हे १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ मध्ये आकड्यांनिशी मांडले. त्या आकड्यांमागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा मोठा हात होता. पुढच्याच वर्षी बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांत सॅनिटरी कमिशने बसली. छावणी वाचवायची तर शेजारच्या गावात साथ कधी शिरली हे कळायला हवे, आणि ते कळायचे तर खेड्यातली मरणे मोजायला हवीत. मध्यप्रांत तेव्हा नवाच होता, १८६१ चा. वर्धा जिल्हा त्याहून नवा. १८६२ मध्ये नागपुरातून तोडलेला, आधी पुलगावजवळच्या कवठ्याला ठाणे मांडून बसलेला आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागेवर, म्हणजे आजच्या वर्धा शहरात, हललेला. इतक्या गावांत जन्म-मृत्यू मोजणार कोण?

सरकारला माणूस शोधावा लागला नाही. गावातला कोतवाल चोरी-मारीची खबर घेऊन ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यावर जातच होता. त्याच फेरीत गावात कोण जन्मले, कोण मेले हेही सांगावे, असे ठरले आणि त्याच्या हाती एक वही दिली गेली. मराठी जिल्ह्यांत हे काम बहुतेक महार समाजाकडे होते. मोबदला म्हणजे खळ्यावरचे धान्य किंवा तुकडाभर जमीन. गंमत, किंवा क्रूरता म्हणा, अशी की वही ज्याची त्याला ती वाचता येत नसे. तो खबर डोक्यात ठेवी. वहीत उतरवी गावातला कोणी लिहिता माणूस, नाहीतर ठाण्यातला मुन्शी. ठाण्यावरून बेरजा सिव्हिल सर्जनकडे जात आणि तिथून प्रांताच्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात. अहवालाला बेरीज हवी होती, माणूस नको होता. नावे राहिली ती बेरीज करण्यासाठी आधी एकेक माणूस लिहावा लागतो म्हणून.

या आकड्यांची साहेबांनी चेष्टाही पुष्कळ केली. जोसायाह स्टॅम्प या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२९ च्या आपल्या पुस्तकात हिंदुस्थानातला एक किस्सा दिला आहे. त्याचा रोख असा की, सरकारच्या भल्या थोरल्या कोष्टकांच्या मुळाशी मनाला येईल ते सांगणारा गावचा चौकीदार बसलेला असतो. रोगाच्या बाबतीत हे खरेच होते. हैजा, देवी आणि साप सोडले, तर बाकी सगळे 'ताप' या एका शब्दात जाई. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्यप्रांत-वऱ्हाडाला देशात सर्वाधिक मार बसलेल्या प्रांतांत नेऊन बसवले, तेव्हाही रकान्यात तापच. पण अमक्याच्या घरी पोर झाले की नाही, अमक्याची बायको मेली की नाही, यात गावचा कोतवाल कशाला चुकेल? स्टॅम्पसाहेबांचा चौकीदार बेरजेत कच्चा असेल. घरोघरच्या खबरीत मात्र त्याच्याइतका पक्का माणूस गावात दुसरा नव्हता.

पान उघडले की आधी मोडी किंवा घाईचे बाळबोध अक्षर दिसते. नोंदीचा साचा ठरलेला. आडनाव बहुधा नाहीच: 'गणपत वल्द तुकाराम, कुणबी', 'सीता जौजे रामा, तेली'. वल्द म्हणजे मुलगा, जौजे म्हणजे बायको. जन्माच्या रकान्यात बापाचे नाव, जात, तारीख आणि पुढे नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बारसे व्हायच्या आतच खबर ठाण्यावर पोचलेली असे, म्हणून पोराला नाव नाही. तुकारामाला चार पोरे झाली असतील, तर यातला आपला आजोबा कोणता हे ठरवताना घरात वाद होतात. गुरुजींनी शाळेत नाव घालताना ठोकून दिलेली १ जुलैही इथे उघडी पडते. आबाजी प्रत्यक्षात निघतात ऐन दिवाळीतले.

वंशावळी आधी नव्हत्या असे नाही. भाट वर्षा-दोन वर्षांनी येत आणि पिढ्या म्हणून दाखवत. त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यांकडे नामावळ्या असत. पण भाट ज्याच्याकडून बिदागी मिळे त्याच्याच पिढ्या गाई, आणि उपाध्याच्या वहीत नाव यायला आधी यात्रेची ऐपत लागे. दोन्हीकडे पोरींना फारशी जागा नाही, आणि सहा दिवसांत गेलेल्या बाळाला तर नाहीच नाही. कोतवाल बुकात मालगुजाराचा नातू आणि त्याच्या सालदाराची पोर एकाच पानावर, एकाखाली एक. मला ही वही जिल्ह्यातले सगळ्यात निःपक्षपाती पुस्तक वाटते, आणि जातीचा रकाना ठसठशीत असूनही वाटते.

शोधणाऱ्याने मात्र गावाचे जुने नाव धरून जावे. सेवाग्रामच्या नावाने १९४० च्या आधीचे काही मागाल तर हात हलवत परत याल. तेव्हा ते शेगाव होते, आणि बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होई म्हणून नाव बदलले. मौजा ओसाड पडून 'रिठी' झाला असेल, तर माणसे शेजारच्या मौज्यात सापडतात. बुकात नाहीच मिळाले, तर बंदोबस्ताचे कागद आणि मालगुजारी गेल्यावर १९५४-५५ मध्ये झालेले अधिकार अभिलेख आहेत. पण त्यात जमीनवालाच भेटेल.

१९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि वर्ध्याच्या गावागावांत बौद्धांनी गावकीची कामे टाकली. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या १९९० मध्ये, आणि त्यासाठी पूर्वज महार असल्याचा कागद लागतो. म्हणजे जो शब्द आज्याने सोडला, तोच नातवाने शोधायचा, आणि तोही पणज्याने ठाण्यापर्यंत वाहिलेल्या वहीत. २०२३ मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती जुन्या कुणबी नोंदी धुंडाळू लागली, तेव्हा जुन्या महसुली कागदांबरोबर जन्म-मृत्यूची ही रजिस्टरेही पुन्हा टेबलावर आली. ज्या दप्तराकडे कोणी पाहत नव्हते, त्याची पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू झाल्यावर खेड्यातली नोंद ग्रामपंचायतीकडे, ग्रामसेवकाकडे गेली आणि कोतवालाची ठाण्याची ती फेरी संपली. नोंदीसाठी आता घरच्यांनीच पंचायतीत जायचे. जुन्या बुकाची प्रमाणित नक्कल मात्र तुम्ही मागितलेल्या ओळीचीच मिळते, आणि पडताळणीला तेवढी पुरते. घराण्याचा इतिहास हवा असेल तर बाबूला विनवून अख्खे पान पाहून घ्यावे, आणि मागची-पुढची चार वर्षेही. पणजोबाची सख्खी भावंडे, ज्यांची नावे घरात कोणी कधी घेतली नाहीत, ती तिथेच भेटतात, वय आणि तारखेसकट.